छोट्या जातीचे पिल्लू घरात एकटे असताना : जागा कशी निवडावी

दर वर्षी नवीन सत्र सुरू झाले की तास संपल्यावर एखादा विद्यार्थी टेबलाजवळ रेंगाळतो. आधी असाइनमेंटबद्दल काहीतरी विचारतो आणि मग हळूच मूळ विषयावर येतो. "मॅडम, रूमवर कुत्र्याचं पिल्लू आणलंय. कॉलेजला येताना त्याला कुठे ठेवू?" पिल्लू बहुधा पॉमेरेनियन, पग, शिह त्झू किंवा डॅशहंड यांपैकी एखादे असते. खोली लहान, म्हणून कुत्राही लहान, असा सरळ हिशेब केलेला असतो.

मी पशुवैद्य नाही. रायपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यांत्रिकी शाखेला उष्णता-संक्रमण शिकवते. पण हा प्रश्न मला निम्मा तरी आपल्याच विषयातला वाटतो. एक लहान शरीर आहे, ते स्वतः उष्णता निर्माण करते. त्याला काही तास एका बंदिस्त जागेत ठेवायचे आहे आणि त्या काळात तिथे माणूस नसणार. म्हणजे ही देखरेखीशिवाय चालणारी यंत्रणा झाली. अशा यंत्रणेबद्दल अभियंता पहिला प्रश्न विचारतो तो "सगळे नीट चालले तर काय होईल" हा नाही. तो विचारतो, "पंखा बंद पडला, पाणी सांडले, मला यायला दोन तास उशीर झाला, तर काय होईल?" बिघाड झाल्यावरही जी यंत्रणा सुरक्षित स्थितीत राहते तिला आपण फेल-सेफ म्हणतो. पिल्लाची जागा याच कसोटीवर निवडायची आहे. या टिपणात तेवढेच सांगायचे आहे. बाकी सारा तपशील आहे, पण तपशील चुकला तर पिल्लू मरू शकते, म्हणून तो सविस्तर पाहू.

लहान शरीराचे गणित

एखाद्या वस्तूची लांबी निम्मी केली तर तिचे पृष्ठफळ एक चतुर्थांश होते आणि घनफळ एक अष्टमांश. म्हणून वस्तू जितकी लहान, तितके दर किलोमागे तिचे पृष्ठफळ जास्त. 2 किलोच्या पिल्लाचे पृष्ठफळ साधारण 0.16 चौरस मीटर धरतात, 30 किलोच्या लॅब्रडॉरचे सुमारे 0.98. दर किलोमागे पाहिले तर पिल्लाचे पृष्ठफळ जवळजवळ अडीचपट भरते. बाहेर गरम असेल तर त्या पृष्ठभागातून उष्णता लवकर आत येते, गार असेल तर लवकर बाहेर जाते. चहाची कपबशी आणि चहाचे पातेले यांत जो फरक, तोच इथे.

दुसरी गोष्ट चयापचयाची. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने 1932 साली दाखवले की प्राण्याची ऊर्जेची गरज वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, ती सुमारे 0.75 व्या घाताने वाढते. पशुवैद्यकात आजही विश्रांतीच्या अवस्थेसाठी हे सूत्र वापरतात : किलोमधल्या वजनाचा 0.75 वा घात घ्या आणि त्याला 70 ने गुणा, उत्तर रोजच्या किलोकॅलरीत येते. 2 किलोला सुमारे 118 किलोकॅलरी, म्हणजे 5.7 वॅट. 30 किलोला सुमारे 897 किलोकॅलरी, म्हणजे 43 वॅट. दर किलोमागे पिल्लाची भट्टी मोठ्या कुत्र्याच्या दुप्पट जोराने पेटलेली आहे. वाढत्या वयातल्या, जाग्या आणि धडपडणाऱ्या पिल्लाची गरज विश्रांतीच्या दुप्पट धरतात, म्हणजे अकरा वॅटच्या आसपास. घरातल्या लहान एलईडी दिव्याएवढी.

आता एक ढोबळ गणित करा. शरीराची विशिष्ट उष्णता दर किलोला, दर अंशाला 3.5 किलोज्यूल धरू. 2 किलोच्या पिल्लाला एक अंशाने तापवायला 7 किलोज्यूल लागतात. शरीरातून उष्णता बाहेर जाण्याचे सगळे मार्ग बंद झाले असे समजा, तर 11 वॅटने एक अंश चढायला साडेदहा मिनिटे पुरतात. कुत्र्याचे नेहमीचे तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असते. 41 च्या वर गेले की उष्माघाताची हद्द सुरू होते. म्हणजे वाट बंद झाल्यावर धोक्याच्या रेषेपर्यंत पोहोचायला अर्धा तासही लागणार नाही. प्रत्यक्षात सगळे मार्ग एकदम बंद होत नाहीत, म्हणून वेळ थोडा जास्त मिळतो. तरी आकड्याचा अंदाज येऊ द्या. इथे हिशेब मिनिटांचा आहे. कॉलेजचा दिवस सहा तासांचा असतो.

कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही. पंजांच्या गाद्यांमधून थोडासा येतो, तेवढाच. बाकी सारा भार धापण्यावर. जीभ आणि श्वासमार्गातले पाणी वाफ होऊन जाते आणि दर ग्रॅममागे सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. 11 वॅट बाहेर टाकायचे तर तासाला साधारण 16 ते 17 मिलिलिटर पाणी जळते. पाच तासांत 80 मिलिलिटर, म्हणजे 2 किलोच्या शरीराचे 4 टक्के वजन. वाटी उलटली आणि दुसरे पाणी नसेल तर ही गळती भरून निघत नाही. पग आणि शिह त्झूचे नाक आखूड असते, श्वासाची वाट अरुंद असते, म्हणून त्यांचे धापणेही अपुरे पडते. जाहिरातीतला पग पाहून पिल्लू आणणाऱ्यांनी हे आधी ऐकायला हवे होते.

यातून पंख्याबद्दल एक गोष्ट निघते, जी माझ्या विद्यार्थ्यांना पटकन पटत नाही. पंखा हवा गार करत नाही. तो आपल्या अंगावरचा घाम वाळवतो म्हणून आपल्याला बरे वाटते. घाम नसलेल्या, केसाळ पिल्लावर 44 अंशाची हवा फिरवली तर त्याच्या 39 अंशाच्या शरीराला ती गरमच लागणार. "पंखा लावून आलोय मॅडम" हे उत्तर म्हणून पुरेसे नाही.

आमची गोटी आणि मागची बाल्कनी

हे सारे मला आधीपासून माहीत होते. माहीत असणे आणि वापरणे यांत किती अंतर असते ते सांगण्यासाठी घरची गोष्ट सांगते.

गोटी आमची पॉमेरेनियन, त्या वेळी अडीच महिन्यांची. एप्रिलचा शेवट होता, मला परीक्षेची ड्युटी. घरात ती सगळीकडे शू करते म्हणून मी तिला मागच्या बाल्कनीत ठेवले. बाल्कनीला धुळीसाठी आम्ही सरकत्या काचा बसवलेल्या. फरशी धुता येते, पाण्याची वाटी ठेवली, छोटा टेबल-फॅन लावला, सकाळी आठला तिथे छान सावली होती. बाल्कनी पश्चिमेची.

दुपारी एकच्या सुमारास वीज गेली. मी सव्वादोनला घरी आले तेव्हा गोटी कुशीवर ताणून पडली होती, धाप थांबत नव्हती, हिरड्या विटकरी लाल झाल्या होत्या. वाटी उलटी. भिंतीला हात टेकवत नव्हता. तिला आत फरशीवर आणून नळ सोडला, तर छतावरच्या टाकीचे पाणी चटका बसेल इतके तापलेले. रायपुरात एप्रिल-मेमध्ये दुपारी नळाला गरम पाणीच येते, हेही मला रोज दिसत होते. मग माठातले पाणी ओतून तिला पोटापर्यंत, पायांपर्यंत भिजवले, पुठ्ठ्याने वारा घातला आणि ओल्या अंगानेच गाडीत घालून डॉक्टरांकडे नेले. ती वाचली. दोन दिवस सलाइन लागले. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "मॅडम, काचेची बाल्कनी म्हणजे उभी केलेली कारच."

काचेतून सूर्यप्रकाश आत येतो, भिंत-फरशी तापवतो. तापलेल्या भिंतीतून निघणारी दीर्घ लहरींची उष्णता काचेतून सहज बाहेर जात नाही आणि गरम हवेलाही वाट नसते. हे मी दर वर्षी फळ्यावर काढते. सकाळी आठची सावली पाहून मी दुपारी दोनची जागा निवडली होती, ही खरी चूक. आणि ती चूक वीज असेपर्यंत झाकली गेली.

(ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवू नका. टॉवेल गरम झाला की तोच उष्णता अडवतो. अंग भिजवा, वारा घाला आणि निघा.)

घरातल्या जागा, एकेक करून

उघडी बाल्कनी आणि गच्ची बाद. उन्हाचे सांगून झाले. शिवाय कठड्याच्या गजांमधून लहान पिल्लाचे डोके जाते, आणि जिथून डोके जाते तिथून बहुतेक वेळा धडही जाते. घार आणि माकड या गोष्टी शहरात अतिशयोक्ती वाटतात, पण दीड किलोच्या पिल्लासाठी त्या नाहीत.

बाथरूम मुलांना फार सोयीचे वाटते, कारण धुता येते. तिथे पिल्लू ओल्या फरशीवर राहते, खिडकी वीतभर, खाली फिनाइल आणि साबण, आणि बाल्टीत पाणी भरलेले असेल तर बुडण्याची भीती. त्याहून मोठी अडचण म्हणजे बंद अंधारी खोली. तिथे ठेवलेले पिल्लू एकटे राहायला शिकत नाही, घाबरायला शिकते.

साखळीने टेबलाच्या पायाला बांधणे तर नकोच. साखळी गुंडाळली जाते, पाण्यापर्यंत पोहोचता येत नाही, गळ्याला फास बसतो. एकट्या पिल्लाच्या गळ्यात पट्टासुद्धा ठेवू नये. तो गजात अडकतो. 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या 11 व्या कलमात अवास्तव आखूड किंवा जड साखळीने अवास्तव काळ बांधून ठेवणे, हालचालीपुरतीही जागा नसलेल्या पिंजऱ्यात कोंडणे आणि नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरू न देणे, हे तिन्ही गुन्हे म्हणून आले आहेत. कायदा जुना आहे, दंडाची रक्कम हसण्यासारखी आहे, पण व्याख्या नेमकी आहे.

सगळी खोली मोकळी सोडणे हा प्रेमळ उपाय. त्याने पिल्लाला खोलीतल्या प्रत्येक धोक्यापर्यंत पोहोचता येते : चार्जर, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, डासांच्या औषधाची बाटली, चॉकलेट, मनुका, मोजे. लहान जातींचे पुढचे पाय काडीसारखे बारीक असतात. पलंगावरून किंवा दिवाणावरून उडी मारताना ते मोडल्याची प्रकरणे पशुवैद्यांकडे नेहमीची असतात. खोली मोकळी द्यायचीच, पण सहा-आठ महिन्यांनी, हळूहळू.

पिंजऱ्याबद्दल मतभेद आहेत आणि मी मधल्या बाजूची आहे. पाश्चात्त्य पुस्तकांतून क्रेट आपल्याकडे आला. उभे राहता, वळता, पाय पसरून झोपता येईल एवढी पेटी. तिथल्या गार हवेत, रात्री पलंगाशेजारी, किंवा तास-दीड तासासाठी ती चांगली. कुत्रा झोपण्याच्या जागी घाण करणे टाळतो, यावर तिचे तत्त्व उभे आहे. पण दोन महिन्यांच्या पिल्लाचे मूत्राशय लहान, त्याला धरवत नाही. चार तास कोंडले तर ते तिथेच करते, त्यातच बसते, आणि टाळण्याची नैसर्गिक सवय मोडते. मग घाण साफ करणाऱ्याचे हाल वर्षभर. शिवाय प्लास्टिकची बंद पेटी म्हणजे हवेची वाट अडवणे. वरचे साडेदहा मिनिटांचे गणित आठवा. पिंजरा ठेवायचा असेल तर दार उघडे ठेवून, गुहेसारखा, मोठ्या कुंपणाच्या आत.

म्हणजे उरते ते कुंपण. घडीच्या जाळीच्या पट्ट्यांचे, साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद आणि अडीच-तीन फूट उंच. गजांमधले अंतर पिल्लाच्या डोक्यापेक्षा कमी हवे. भाड्याच्या खोलीत पैसे नसतील तर दारात गुडघ्याच्या वर येईल अशी प्लायवुडची फळी आडवी बसवून एखादा रिकामा कोपरा अडवता येतो. माझ्या एका विद्यार्थ्याने स्टडी-टेबल, भिंत आणि दोन फळ्या यांत ते जमवले होते आणि ते माझ्या घरच्यापेक्षा चांगले होते.

कुंपण कुठे आणि आत काय

खालचा मजला वरच्यापेक्षा चांगला. सर्वांत वरच्या मजल्यावर काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता काही तास उशिराने आत सोडतो. म्हणून वरची खोली दुपारपेक्षा संध्याकाळी जास्त भाजते. सकाळी तपासून फसू नका. आमच्या शहरात तात्यापारा, ब्राह्मणपारा या जुन्या भागांत अजून काही मातीच्या जाड भिंतींची, खापरांच्या उतरत्या छपराची घरे टिकून आहेत. पुढे परछी, म्हणजे छत्तीसगढी ओसरी. तिथे दुपारी बारालाही कुत्रे शांत झोपलेले दिसते. जाड भिंत, सावली आणि जमिनीला टेकलेली फरशी या तिघींनी ते काम विजेशिवाय केलेले असते. नवीन फ्लॅटमध्ये त्याच्या सर्वांत जवळची जागा म्हणजे बैठकीच्या खोलीतली आतली भिंत. जिच्या पलीकडे ऊन नाही अशी, खिडकीपासून दूर. घरातल्या माणसांची ये-जा जिथे असते तीच पिल्लाचीही आवडती जागा असते, हा आणखी एक फायदा.

फरशी अर्धी उघडी ठेवा आणि अर्ध्या भागावर सुती गोधडीचा तुकडा घाला. गरम झाले की पिल्लू पोट टेकून फरशीवर पडेल, गार वाटले की गोधडीवर जाईल. त्याला काय हवे ते आपण ठरवण्यापेक्षा त्याला निवड करू देणे सोपे. डिसेंबर-जानेवारीत रायपूरच्या रात्री गारठतात, तेव्हा हेच पृष्ठफळाचे गणित उलटे लागते आणि त्या तुकड्याच्या जागी जाड गोधडी आणि आडोसा लागतो.

झोपायची जागा एका कोपऱ्यात आणि शू-शीची जागा समोरासमोरच्या कर्णावर. चार फुटांच्या चौकोनात कर्ण साडेपाच फुटांहून थोडा जास्त भरतो. लहान पिल्लाला ते अंतर "दुसरी खोली" वाटायला पुरते. तिथे वर्तमानपत्राचे चार-पाच थर. आमच्याकडे येणारा हिंदी पेपर या कामाला उत्तम ठरला, चकचकीत पुरवण्या मात्र काढून टाका, त्या शोषत नाहीत. कागद बदलताना खालचा किंचित वास असलेला एक तुकडा राहू द्या. जागा कोणती ते पिल्लाला नाकाने कळते.

पाणी दोन ठिकाणी. स्टीलची वाटी पिल्लू फुटबॉलसारखी ढकलते. मातीचे पसरट, जड परळ घ्या. ते उलटत नाही आणि झिरपून पाणी गारही ठेवते. एक सांडले तर दुसरे आहे, ही आपली रिडन्डन्सी.

कूलर आणि वीज

रायपुरात घरोघरी डेझर्ट कूलर असतो. 43 अंश तापमान आणि 20 टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या दुपारी वेट-बल्ब तापमान 25 च्या आसपास येते. कूलरची परिणामकारकता 70 टक्के धरली तर आतली हवा 30-31 अंशांपर्यंत उतरते. पिल्लाला ती चालते. पण दोन अटी आहेत. कूलरच्या हवेला बाहेर जायला समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत लावला तर आर्द्रता चढत जाते, गारवा संपतो आणि दमट हवेत धापण्यातून बाष्पीभवनही होत नाही. म्हणजे आपण पिल्लाचा एकमेव मार्ग अडवतो. जुलैमध्ये 32 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेला वेट-बल्ब 29 च्या जवळ असते, तेव्हा कूलर म्हणजे फक्त ओला पंखा. दुसरी अट फेल-सेफची : नौतपाच्या दिवसांत, मे महिन्याच्या अखेरीस, वीज गेल्यावर ती जागा दोन तासांत किती तापते ते स्वतः तिथे बसून पाहिल्याशिवाय पिल्लाला एकटे ठेवू नका. एसीलाही हीच अट.

कूलरच्या पत्र्याला गळतीचा करंट येतो हे आपल्याकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे. कुंपण कूलरपासून आणि त्याच्या ओल्या फरशीपासून दूर ठेवा. आता इलेक्ट्रिकलच्या मुलांसाठी एक प्रश्न. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली आहे. पिल्लाने वायर चावली आणि दात फेज व न्यूट्रल दोन्हींना लागले. ती पडेल का? बहुतेक वेळा नाही. करंट फेजमधून तोंडात आणि तोंडातून न्यूट्रलमध्ये परत जातो, जमिनीत जवळजवळ काही जात नाही, म्हणून दोन्ही तारांतला फरक उपकरणाला दिसत नाही. एमसीबीच्या दृष्टीने तो करंट नगण्य आहे. म्हणजे दोन्ही सुरक्षा-उपकरणे आपापल्या व्याख्येनुसार बरोबर असूनही पिल्लू जाते. इथे एकच उपाय : कुंपणापासून हातभर अंतरात एकही वायर नसणे. स्विच बंद केला हे पुरेसे नाही, अनेक जुन्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर बसवलेला सापडतो.

जागा बरोबर, पण किती वेळ?

आता न आवडणारा भाग. दिवसा पिल्लू किती तास धरू शकते याचा सर्वमान्य ठोकताळा म्हणजे वयाचे महिने अधिक एक. दोन महिन्यांचे असेल तर जास्तीत जास्त तीन तास, आणि लहान जातीत त्याहून कमीच समजा. कुंपणात कागद असल्याने हा प्रश्न थोडा सैल होतो, भुकेचा होत नाही. फार लहान जातींच्या पिल्लांच्या यकृतात साखरेचा साठा थोडा आणि भट्टी जोराची. तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत त्यांना दिवसातून चार वेळा खायला लागते. खाणे चुकले तर रक्तातली साखर उतरते : चाल लटपटते, अंग थरथरते, पिल्लू मऊ पडते, झटके येतात. अशा वेळी मध किंवा साखरेचे दाट पाणी बोटाने हिरड्यांवर चोळायचे, घशात ओतायचे नाही, आणि लगेच डॉक्टर. घरी कोणी नसेल तर हे करणार कोण?

मोबाइलचा जुना कॅमेरा लावून ठेवण्याची युक्ती मुले सांगतात. चांगली आहे, पण ती निम्मी यंत्रणा आहे. सेन्सर आहे, ॲक्च्युएटर नाही. लेक्चरमध्ये बसून पिल्लू तडफडताना पाहणे याला देखरेख म्हणत नाहीत. शेजारच्या काकूंकडे किंवा खालच्या भाभींकडे किल्ली असेल आणि दुपारी बाराला त्या येऊन पाणी, खाणे, कागद पाहत असतील, तर यंत्रणा पुरी होते. माझ्या मते चार फुटांच्या कुंपणापेक्षा ती किल्ली महत्त्वाची आहे.

एकटे राहणे शिकवावे लागते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे पिल्लांवर काम केले. 1965 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ कुत्र्याच्या सामाजिक घडणीचा मानला आहे. आपल्याकडच्या 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. म्हणजे पिल्लू तुमच्याकडे येते ते त्या काळाचे शेवटचे चारच आठवडे हातात घेऊन. त्यातले दिवसाचे सहा तास बंद खोलीत गेले तर ते वय पुन्हा येत नाही. पहिल्या दिवशी कुंपणात खेळणे आणि खाऊ देऊन तुम्ही शेजारीच बसा. मग दाराबाहेर एक मिनिट, मग तीन, मग दहा. रडायला लागण्याआधी परत या. आठवडाभरात तासापर्यंत जाता येते. घाई केली तर मागे जावे लागते. लसीकरण पुरे होईपर्यंत, म्हणजे साधारण सोळा आठवड्यांपर्यंत, पार्व्होची भीती असते. तो विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून एकटे वाटू नये म्हणून पिल्लाला खालच्या अंगणात भटक्या कुत्र्यांच्या वाटेवर सोडण्याचा उपाय नको, आणि बाहेरच्या चपलाही कुंपणाजवळ नकोत.

वसतिगृहात किंवा एकट्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी मला विचारतो तेव्हा मी हे सगळे सांगते आणि शेवटी विचारते, दुपारी बाराला किल्ली कोणाकडे? उत्तर नसेल तर पिल्लू सध्या घरी आई-बाबांकडे राहू दे, असे सांगते. काही जण रागावतात. दोघांनी ऐकले. एकाने पिल्लू बिलासपूरला घरी पाठवले आणि आता दर शनिवारी गाडी पकडतो.

स्वाध्याय

1. साधा थर्मामीटर घ्या. ज्या कोपऱ्यात पिल्लू ठेवायचा विचार आहे तिथे जमिनीपासून चार इंचांवर तो ठेवा आणि सकाळी 8 ते संध्याकाळी 8 दर तासाला नोंद करा. दुपारी 1 ते 3 पंखा, कूलर, एसी सगळे बंद ठेवा. पिल्लू अर्थातच त्या दिवशी दुसऱ्या कोणाजवळ. आलेख काढा. सर्वाधिक तापमान किती वाजता आले, आणि त्याच दिवशी पेपरात छापलेल्या शहराच्या कमाल तापमानापेक्षा ते किती वेगळे होते?

2. तुमच्या पिल्लाचे वजन करून वरची तिन्ही गणिते पुन्हा मांडा : विश्रांतीतले वॅट, एक अंश चढायला लागणारी मिनिटे, धापण्यात तासाला जाणारे पाणी. त्यावरून परळात किमान किती पाणी हवे ते ठरवा आणि दुप्पट भरा.

3. कुंपणाच्या जागी गुडघ्यांवर बसा, हनुवटी जमिनीजवळ आणा आणि जे काही तोंडात घेता येईल त्याची यादी करा. माझ्या घरी पहिल्या खेपेला एकोणीस वस्तू निघाल्या. त्यांतली एक होती माझ्याच हातून पडलेली रक्तदाबाची गोळी.